घास नीट चावला जातो का? जबड्याच्या सांध्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन वर्षांपासून कानशिलाजवळ दुखतं. डॉक्टरांनी एक्स-रे न काढता काय काय खाता येतं याचा फॉर्म भरून घेतला आणि दोन रंगांचं च्युइंगम चावायला दिलं. यातून काय कळणार? (वय ३४, नाशिक)

बरंच कळतं, आणि तेही एक्स-रेत न दिसणारं. एक्स-रेत हाडं दिसतात. सांध्यातली चकती, म्हणजे दोन हाडांमधली गादी, दिसत नाही, स्नायूंचं दुखणं तर नाहीच. चकतीसाठी एमआरआय लागतो, पण भाकरी चावताना तुम्हाला काय होतं हे तोही सांगत नाही. चकती सरकलेली असूनही मजेत ऊस खाणारे लोक असतात.

फॉर्ममध्ये गेल्या महिनाभरात कडक खाणं, मऊ खाणं, जांभई, बोलणं यांत किती अडचण आली त्याला ० ते १० गुण द्यायचे असतात. ८ प्रश्नांचा छोटा फॉर्म असतो, २० प्रश्नांचा मोठा. मी त्यापुढे आपले पदार्थ विचारतो : ज्वारीची भाकरी, शिळी चपाती, शेंगदाणे, पेरू. ‘चकली चालते, मटण चालत नाही’ असं कुणी म्हटलं की माझं लक्ष आधी स्नायूंकडे जातं. चकली दोन-चार चाव्यांत मोडते. मटण चावत राहावं लागतं आणि थकलेला स्नायू तिथे बोलायला लागतो.

च्युइंगम साधारण २० वेळा चावून झालं की बाहेर काढून चपटं करतात, दोन्ही बाजूंचे फोटो घेतात आणि रंग किती मिसळले ते संगणकावर मोजतात. काही ठिकाणी शेंगदाणे, गाजर किंवा सिलिकॉनचे तुकडे ठरावीक वेळा चावायला देऊन चोथा चाळण्यांतून गाळतात. चोथा जितका बारीक, तितकं चावणं चांगलं. अर्थात दाढा पडलेल्या असतील तरी निकाल खराब येतो, म्हणून दात आधी मोजायला हवेत.

फॉर्म आणि चाचणी, दोन्ही हवंच. काहींचं चावणं उत्तम असतं, पण दुखेल या धास्तीने ते घास टाळतात. काही जण ‘काही त्रास नाही’ म्हणतात, कारण भाकरी त्यांनी केव्हाच सोडलेली असते. दुसऱ्या प्रकारचे रुग्ण नुसत्या विचारपूशीत हमखास निसटतात. शिवाय डॉक्टरांनी गाल आणि कानशील साधारण १ किलोच्या दाबाने दाबून ‘हेच का ते नेहमीचं दुखणं?’ असं विचारलं पाहिजे. विचारलं नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्हीच आठवण करा.

प्रश्न : तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. दुखत नाही. उपचार हवेत का? (पुणे)

नकोत. दुखत नसेल, जबडा अडकत नसेल आणि सगळं खाता येत असेल, तर नुसत्या आवाजासाठी काहीही करू नका.

प्रश्न : आईचं वय ६८. चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबली की बरं वाटतं. महिनाभर फक्त मऊ भात खाते आहे. सांधा झिजला असेल का? (सांगली)

ही माहिती वाचून मला काळजी वाटली. चावल्यावर दुखायला लागणं आणि थांबल्यावर उतरणं हे पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं असेल, तर कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आली असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. त्यांना विचारा : डोकं दुखतं का, केस विंचरताना टाळू दुखते का, नजर अंधूक झाली का? यातलं काहीही असेल तर आजच्या आज फिजिशियनकडे न्या. यात नजर कायमची जाऊ शकते, आणि वेळेत औषध सुरू झालं तर ती वाचते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या चाचण्या आहेत. बाकी काही नसलं, तरी एक-दोन दिवसांत दाखवाच. जबड्याच्या सांध्याचा विचार त्यानंतर.

प्रश्न : तोंडात दोनच बोटं जातात. चकती अडकली असेल का? (वय २६, जळगाव)

निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर. चकती अडकली की तोंड बहुधा एका दिवसात अचानक अडतं, आणि आधी ऐकू येणारा ‘कट्’ आवाज थांबतो. तुमचं तोंड उघडणं महिनोन् महिने हळूहळू कमी होत आलं असेल, तिखटाने आग होत असेल आणि गुटखा, मावा किंवा सुपारीची सवय असेल, तर कारण सांध्यात नाही. गालांच्या आतली त्वचा कडक होत चालली आहे, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. सुपारी आजच सोडा आणि दंतवैद्याला गालांची आतली बाजू बोटाने चाचपून बघायला सांगा.