कार्बन वाढला, तर समुद्री गवताला फायदाच नाही का?

प्रश्न : हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आणि वनस्पतींना तर तो हवाच असतो. मग हवामानबदलामुळे समुद्री गवत धोक्यात आहे, असे का म्हणतात? हे गवत आपल्या किनाऱ्यावर आढळते का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, फुले आणि बियाही असतात, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वाढल्यास त्याच्या प्रकाशसंश्लेषणाला थोडाफार हातभार लागतोही. घात होतो तो उष्णतेने आणि गढूळ पाण्याने. पाणी तापले की श्वसन इतके वाढते की पानांनी दिवसभरात तयार केलेले अन्न त्यातच खर्ची पडते. त्यातच मुळांना पानांकडून मिळणारा प्राणवायू कमी पडला, तर तळच्या चिखलातील विषारी सल्फाइड मुळांत शिरते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे हेच घडले. २०१०-११ च्या तेथील उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने अधिक तापले, त्याच सुमारास नद्यांचे पूर गाळ घेऊन आले, आणि अँफिबोलिस अंटार्क्टिका या मुख्य जातीची पाने गळून विस्तीर्ण कुरणे उघडी पडली. ही जात तेथे आपल्या क्षेत्राच्या उत्तर टोकाला, म्हणजे तिला सोसेल तेवढ्या उष्णतेच्या सीमेवरच वाढत होती. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र पुढच्या घटनेत आहे : मुळांनी धरून ठेवलेला गाळ मोकळा झाला आणि त्यात हजारो वर्षे साठलेल्या कार्बनपैकी २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड पुढील तीन वर्षांत बाहेर पडला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. ज्या वायूचा लाभ व्हायचा, त्याचीच भर या गवताच्या मरणाने पडली.

बरे, ते पुन्हा सहज उगवतही नाही. या जातीचे बी मातीत साठून राहत नाही; रोप आईच्या फांदीवरच वाढते आणि सुटल्यावर बुडाशी असलेल्या कंगव्यासारख्या आकड्यांनी कशात तरी अडकते. म्हणून तेथे वाळू भरलेल्या गोणपाटाच्या पिशव्या तळाशी टाकून रोपांना आधार दिला जातो.

आपल्याकडे मोठी कुरणे पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचे आखात आणि लक्षद्वीप येथे आहेत. लक्षद्वीपमध्ये काही ठिकाणी हिरव्या कासवांनीच ती चरून विरळ केली, तेव्हा प्रत्येक ऱ्हासाचे खापर हवामानावर फोडणे बरोबर नाही. महाराष्ट्र व गोव्याच्या खाड्यांत हॅलोफिला बेकारी ही चिमुकली जात आढळते. देठाच्या टोकाशी पाच-दहा पानांचा झुबका, आणि पान जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे ओहोटीच्या चिखलावर ती शेवाळ समजून तुडवली जाते. समुद्राची पातळी वाढेल तसे तिला किनाऱ्याकडे सरकावे लागेल. पण जेथे खाडीकाठी भराव किंवा संरक्षक भिंत उभी आहे, तेथे सरकायला जागाच उरत नाही.