नोकरी अन् शेत सांभाळून लिहायचं कसं

भाऊ, पहिलं सांगतो, लिहिण्यासाठी नोकरी सोडायचं डोक्यातून काढ. ना. धों. महानोर पळसखेडला शेती करत करतच कविता लिहायचे, 1978 मध्ये विधान परिषदेवर गेले तरी लिहिणं थांबलं नाही. तू रोज दोन तास मिळंनात म्हणून हैराण व्हायलास, पण रोज कशाला पाहिजेत? आपलं वर्ष आधीच वाटलेलंय. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, तेव्हा घरच्यांना तुझे हात लागतात, तिथं वही घेऊन बसलास तर कटकट होणारच आणि चूक त्यांची नाही. पण दिवाळी अंकांना साहित्य साधारण जून-जुलैत पाठवावं लागतं, नेमकं पेरणीच्या गडबडीत, म्हणून कथा एप्रिल-मे मध्येच हातावेगळी कर, रान मोकळं असतंय, फेरलेखन पण तेव्हाच.

बाकी महिन्यांत नुसतं टिपून ठेव. रब्बीत रात्रीची लाईट आली की हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतंय ना, मग बांधावर बसून मोबाईलच्या रेकॉर्डरमध्ये बोल, दिवसभरात कोण काय बोललं ते जसंच्या तसं, आपल्या बोलीत. नंतर ते प्रमाण भाषेत नको करू, संवाद मरतेत, खरंच सांगतो.

टाईप युनिकोडमध्ये कर, म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर वाचता येतं तसल्या अक्षरांत. कुठं काय पाठवलं ते तारखेसकट लिहून ठेव. मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक वाचत जा. आणि पुस्तक छापायला पैसे मागणारे भेटतील, त्यासाठी कर्ज अजिबात काढू नको.