जुन्या मॅसीचा जाम झालेला ड्रॉप आर्म कसा काढावा?

तुम्ही लिहिलंय की सांवेरजवळच्या शेतावर वडिलांचा जुना मॅसी ३५ ट्रॅक्टर आहे, स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळतं म्हणून सील बदलायचंय, पण डावीकडचा ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टवर बसणारा आणि पुढचं चाक वळवणारा दांडा, शाफ्टवरून जागचा हलत नाही. पुलरचा, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायच्या हत्याराचा, एक पाय वाकला आणि आता मिस्त्री म्हणतो, गॅसनं लाल करून घणानं उडवू.

कृपा करून त्याला तसं करू देऊ नका. मी इंदूरला जुन्या ट्रॅक्टरांचंच काम करतो आणि लाल केलेला आर्म परत चढवलेला दिसला की जीव खालीवर होतो. आर्म घडीव पोलादाचा असतो, लाल झाला की त्याची ताकद गेली. उज्जैन रोडवर मागे भरलेली ट्रॉली असताना तो तुटला, तर त्या बाजूचं पुढचं चाक ताब्यात राहत नाही. आणि शाफ्टच्या टोकावर घण मारलात तर आटे चेपतात आणि तोच दणका आत बॉक्सच्या दात्यांना बसतो. साधं सील बदलायला जाल आणि बॉक्सच बदलून याल.

आधी वायर ब्रशनं सांधा अगदी उघडा करा. आपल्या काळ्या मातीचा चिखल आणि ग्रीस मिळून असा थर बसतो की शाफ्ट कुठे संपतो आणि आर्म कुठे सुरू होतो तेच कळत नाही. मग सेंटर पंचानं शाफ्टच्या तोंडावर आणि आर्मवर समोरासमोर एकेक खूण मारा. मॅसी ३५ ला दोन्ही बाजूंना एकेक आर्म असतो. शाफ्ट आणि आर्म दात्यांनी एकमेकांत बसतात; बसवताना एक जरी दाता चुकला तरी पुढची दोन चाकं एका रेषेत राहत नाहीत.

नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवा. आर्म सुटतो तेव्हा उडतो, समोर गुडघा असतो.

दोन पायांचा पुलर इथे चालतच नाही, ताण आला की पाय फाकतात. लोहामंडीतून जाड प्लेटचा तुकडा आणा, लेथवाल्याकडून त्याला यू आकाराची खाच पाडून घ्या. ती आर्मच्या मागून सरकवायची, दोन्ही बाजूंनी लांब बोल्ट घेऊन पुढे दुसरी पट्टी, आणि मधला स्क्रू शाफ्टच्या मध्यावर. स्क्रू चांगला कसा, पण पान्याला पाइप लावून लोंबकळू नका. आता एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरून आर्मच्या जाड भागावर, म्हणजे शाफ्ट ज्यात बसलाय त्या गोल डोक्यावर, दुसऱ्या हातोड्यानं ठोका. गंज ताणानं सुटत नाही, ताण असताना बसलेल्या हादऱ्यानं सुटतो. गंज सोडवणारं तेल टाकून ताण तसाच रात्रभर राहू द्या. पुष्कळदा सकाळी पहिल्याच ठोक्याला काम होतं.

नाहीच सुटला तर उष्णता, पण बेतानं. त्याआधी डिझेलची टाकी उतरवा, बॅटरी काढा, आदल्या दिवशीचं तेल पुसून घ्या. गिअरबॉक्सच्या माथ्यावर सोयाबीनचं भुसकट डिझेलमध्ये भिजून बसलेलं असतं, ठिणगी पडायचा अवकाश. म्हणून शेजारी वाळूची बादली हवीच. ज्योत फक्त आर्मच्या डोक्याभोवती फिरवा, शाफ्टला लागू देऊ नका. बाहेरचं फुगायला हवं, आतलं थंड राहायला हवं. ३० मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०७ मिलिमीटर मोठं होतं, पण गंजाची पकड सोडवायला तेवढं पुरे. ज्योत बाजूला करून सांध्याला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून दात्यांत ओढलं जातं. तेव्हाच पुन्हा ठोका. ‘खट्’ असा कोरडा आवाज येतो आणि फटीतून तांबूस भुकटी झडते. मागचं सील या उष्णतेत करपणारच, तुम्हाला ते बदलायचंच आहे.

एवढं करूनही हटला नाही तर आर्मचा बळी द्या, शाफ्टचा नको. ग्राइंडरनं आर्मच्या डोक्याला उभी चीर पाडा, दात्यांच्या अलीकडे थांबा आणि चिरेत छिन्नी ठोकून ते फाकवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. कापलेला किंवा तडा गेलेला आर्म कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी घेऊ नका, नवाच बसवा.

बसवताना दाते घासून त्यांना ग्रीसचं पुसट बोट लावा, नटाचं लॉक नवं घ्या आणि पहिल्या दिवसाची नांगरट झाली की नट पुन्हा कसून पाहा. पहिल्या कामात तो थोडा सैल पडतोच.