एक मीटर, अर्धं मिनिट

प्रिय मित्रा,

तुझ्या मॉडेल रेल्वेचा तू पाठवलेला आराखडा सावकाश पाहिला. आठ फूट बाय चार फुटांचा बोर्ड, त्यावर एकात एक तीन वर्तुळं, मधोमध डोंगर, डोंगरातून बोगदा आणि रुळांवरून जाणारा पूल. किती मन लावून काढला आहेस ते रेघेरेघेत दिसतं. तरीही स्पष्ट सांगतो, हा लेआउट, म्हणजे रुळांची ही सगळी मांडणी, आत्ता बांधायला घेऊ नकोस.

पुलापासूनच सुरुवात करू. तू एचओ स्केल निवडलंस, म्हणजे 1:87, खऱ्या रेल्वेच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी, आणि दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. खालची गाडी मोकळेपणी जायची तर वरचा मार्ग पुलाच्या जाडीसकट साधारण 8 सेंटिमीटर उंच न्यावा लागतो. चढ 2 टक्के धरला, तर एवढं चढायला 4 मीटर आणि उतरायला आणखी 4 मीटर रूळ लागतील. तुझ्या बोर्डावर दोन्ही टोकांना 18 इंची त्रिज्येची वळणं आणि मधे सरळ रूळ धरले तरी सगळी फेरी साडेपाच मीटरच्या आसपास भरते. चढ 4 टक्क्यांवर नेलास तर कागदावर बसेल, पण त्या चढावर, त्यातही वळणावर, इंजिन मोजक्याच वाघिणी (मालडबे) ओढेल आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागतील. शिवाय चार फूट रुंदीचा बोर्ड भिंतीला टेकला की पलीकडच्या कडेला हात पोचत नाही. आपला हात आरामात 70-75 सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि गाडी घसरायची ती नेमकी त्याच्या पलीकडे, बोगद्यात.

यावर तू म्हणशील, एन स्केल घेतो. 1:160, रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर, सगळं जवळजवळ निम्म्या लांबी-रुंदीत मावेल. मावेल खरं. पण एनचं इंजिन हलकं असतं, चाकाचा रुळाशी संपर्क त्यामुळे नाजूक राहतो, आणि धुळीचा जो कण एचओचं इंजिन चिरडून पुढे जातं त्यावर एनचं इंजिन अडतं. हात बसल्यावर एन फार सुंदर दिसतं, लांबच लांब गाड्या पळवायच्या तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पहिला लेआउट मात्र एचओच असू दे. आणि एक लक्षात ठेव, ओओ स्केलच्या गाड्याही 16.5 मिलिमीटरच्याच रुळांवर धावतात, पण त्या 1:76 च्या असतात. रूळ जुळतात म्हणून दोन्ही एकत्र केलंस तर वाघिणी इंजिनाशेजारी विजोड दिसतील.

आता तुझ्याकडून मला काय हवंय ते सांगतो. खरं इंजिन शंटिंग करताना, म्हणजे यार्डात वाघिणी इकडून तिकडे हलवून लावताना, ताशी 10 किलोमीटरच्या आसपास चालतं. एचओमध्ये त्याचा हिशोब सेकंदाला 3.2 सेंटिमीटर येतो, म्हणजे एक मीटर जायला सुमारे 31 सेकंद. तुझं इंजिन सांध्यांसकट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांसकट) एक मीटर रूळ अर्ध्या मिनिटात, कुठेही न अडखळता, न थबकता, बोट न लावता पार करू लागलं की तुझी रेल्वे तयार झाली, मग आजूबाजूला नुसता उघडा प्लायवूड का असेना. वेगात पळणारी गाडी वेगाच्या जोरावर खराब जोड ओलांडून जाते, हळू चालणारी ओलांडू शकत नाही. म्हणून हीच परीक्षा खरी.

त्यासाठी इंगलनूक बांध. अ‍ॅलन राइट या इंग्रज छंदकाराने मांडलेली ही रचना आहे आणि जगभर हजारो लोकांनी ती बांधली आहे. दोन सांधे आणि तीन साइडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ), एकीत पाच वाघिणी मावतात आणि उरलेल्या दोनमध्ये तीन-तीन. दुसऱ्या टोकाला एक आखूड फाटा, त्यात इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात, चौथी नाही. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने त्यांची गाडी लांब साइडिंगमध्ये लावायची. आठातून पाच, क्रमाने, म्हणजे 6,720 वेगवेगळ्या मांडण्या होतात. साधारण 12 सेंटिमीटर लांबीच्या वाघिणी घेतल्यास तर हे सगळं दीड-पावणेदोन मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद फळीवर बसतं. पुस्तकांच्या शेल्फवरही ठेवता येईल. फाट्याची लांबी मात्र मोजून ठेव. तिथे चौथी वाघीण मावली की सगळा पेच संपतो आणि खेळात काही राम उरत नाही.

गोल फिरणारी गाडी पहिल्या दिवशी डोळे भरून पाहावीशी वाटते. महिन्याभरात मात्र ती चालू ठेवून आपण दुसऱ्याच कामाला लागतो. शंटिंगमध्ये तुला सतत ठरवावं लागतं, ही वाघीण आधी कुठे ठेवू, ती बाहेर काढायला कुठली हलवू. हात कंट्रोलरवर आणि नजर वाघिणी जोडणाऱ्या कपलिंगवर. खऱ्या यार्डातला माणूस जे काम करतो तेच तू लहान आकारात करत असतोस. या छंदाचा गाभा माझ्या मते इथे आहे. देखाव्याचं स्थान त्याच्यानंतर.

फळीबद्दल फार सांगत नाही. 9 ते 12 मिलिमीटरचा प्लायवूड, खालून लाकडी पट्ट्यांची चौकट, चारी बाजूंनी सील केलेला. दमट हवेत लाकूड फुगतं-आकसतं आणि रूळ वाकडे होण्यामागे पुष्कळदा तेच कारण असतं, म्हणून रंगाचा हात कडांवरही द्यायचा. वर कॉर्कची पट्टी.

रूळ बसवताना मात्र घाई करू नकोस. प्रत्येक जोडावरून बोटाचं नख दोन्ही दिशांनी फिरव. नख अडलं तर चाकही अडणार. बारीक कानस घेऊन रुळाच्या आतल्या कडेचा आणि माथ्याचा तो कंगोरा काढ, पुन्हा नख फिरव. मग डोळा रुळाच्या पातळीवर आणून एका टोकाकडून दुसरीकडे बघ. वरून सरळ दिसणारा रूळ तिथून नागमोडी निघतो. लवचिक रूळ वळणावर वापरायचे असतील तर दोन तुकडे आधी सरळ ठेवूनच सोल्डर कर आणि नंतर वाकव, नाहीतर जोडापाशी कोपरा येतो आणि प्रत्येक गाडी तिथेच घसरते. सगळेच जोड मात्र सोल्डर करू नकोस. सरळ भागात एखाद-दुसऱ्या जोडात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेव, लाकडाच्या आणि धातूच्या हालचालीला तेवढी जागा लागते.

वीज रुळांतूनच जाते, त्यामुळे रुळांइतकंच लक्ष वायरिंगकडे दे. दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या जोडपट्टीच्या भरवशावर वीज पुढे नेऊ नये. आज ती पट्टी घट्ट असते, वर्षभराने तिच्यात गंज आणि रंग शिरतो. फळीखालून दोन जाड तारा टोकापासून टोकापर्यंत ने, एक लाल आणि एक काळी, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून स्वतंत्र बारीक तार सोल्डर कर. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदा नीट झालं की पुढची कैक वर्षं त्याकडे बघावं लागत नाही.

सांधे विकत घेताना फ्रॉग धातूचा आहे का ते बघ. दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला इंग्रजी व्हीसारखा भाग म्हणजे फ्रॉग. तो प्लास्टिकचा असेल तर शंटिंगचं आखूड इंजिन हळू जाताना नेमकं त्यावर येऊन थांबतं, कारण त्या क्षणी त्याच्या काही चाकांना वीज मिळत नाही. धातूच्या फ्रॉगची पोलॅरिटी, म्हणजे विजेची धन-ऋण बाजू, सांधा बदलताना बदलावी लागते, त्यासाठी सांध्याच्या हलत्या पात्यांबरोबर सरकणारा एक साधा स्विच पुरतो. थोडी जास्त मेहनत आहे, पण तुझी अर्ध्या मिनिटाची परीक्षा बहुतेक इथेच पास किंवा नापास होणार आहे.

गाडी चालवायला डीसी पद्धत घेऊ की डीसीसी, हे तू तीनदा विचारलंस. डीसीमध्ये रुळांवरचा व्होल्टेज 0 ते 12 दरम्यान कमी-जास्त केला की वेग बदलतो आणि पोलॅरिटी उलटली की दिशा बदलते. डीसीसीमध्ये रुळांवर कायम पूर्ण वीज असते, तिच्यातूनच आकडी संदेश जातात, आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या नावाचा संदेश ऐकतो. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990 च्या दशकात त्याचं प्रमाण ठरवलं, म्हणून एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालतो. तुझ्या फळीवर इंजिन एकच असणार आहे. चांगला डीसी कंट्रोलर घे, पण इंजिन घेताना आत डीकोडरची सॉकेट असलेलंच घे. पुढे मन झालं तर अर्ध्या तासाचं काम.

याच संस्थेची वजनाची शिफारसही पाळण्याजोगी आहे. एचओच्या वाघिणीला मूळ 1 औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला आणखी अर्धा औंस, म्हणजे 12 सेंटिमीटरच्या वाघिणीला साधारण 95 ग्रॅम. बाजारातल्या बऱ्याच वाघिणी याहून हलक्या निघतात. मागे ढकलताना हलकी वाघीण सांध्यावर उचलली जाते आणि आपण उगाच रुळाला दोष देतो. आत खाली, चाकांच्या जवळ, वजन चिकटव. प्लास्टिकची चाकं असतील तर धातूची घाल, प्लास्टिकच्या चाकांना काळी घाण लवकर धरते आणि ती पुन्हा रुळांवर पसरते. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड. सँडपेपर रुळाला अजिबात लावू नकोस, त्याचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत पण घाण त्यांतच बसते.

खडी टाकायची घाई तुला होणार हे मला ठाऊक आहे. निदान महिनाभर उघड्या रुळांवर गाडी चालव आणि सगळे दोष दूर कर. एकदा पातळ केलेला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद खडीत मुरला की जोड सुधारणं जिकिरीचं होतं. खडी टाकण्याआधी रुळांच्या बाजू गंजासारख्या तपकिरी रंगाने रंगव आणि माथे लगेच पुसून घे. एवढ्याशा कामाने रूळ एकदम खरे वाटू लागतात. गोंदात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलास तर तो खडीत नीट शिरतो. सांध्याच्या पात्यांजवळ मात्र गोंद नावालाही नको.

आणि तो डोंगर, तो बोगदा? ते सोडून दे असं मी म्हणत नाही. जॉन अ‍ॅलन या अमेरिकन छंदकाराचा गोरी अँड डिफीटेड (Gorre & Daphetid) हा लेआउट विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या लेआउटांपैकी एक. त्याची सुरुवात एका लहानशा बोर्डाने झाली होती, आणि पुढे तळघरभर पसरलेल्या लेआउटमध्ये अ‍ॅलनने तो पहिला बोर्ड सामावून घेतला. तुझी फळीही उद्या मोठ्या लेआउटमधलं एक यार्ड होऊ शकेल. त्यासाठी तिच्या एका टोकाचा रूळ फळीच्या कडेपर्यंत, कडेला बरोबर काटकोनात आणून ठेव.

रूळ मागवण्याआधी वाघिणींना कुठली कपलिंग लावणार ते मला कळव. चुंबकाने सुटणारी घेणार असशील तर तो चुंबक रुळाखाली बसवावा लागतो, त्याची खाच कॉर्क चिकटवण्याआधीच फळीत कोरून घ्यायला हवी, आणि ती पाच वाघिणींच्या साइडिंगमध्ये नेमकी कुठे यावी हे मी तुला मापासकट काढून पाठवतो.

तुझा,
काका