आज्ञा दहाच, मोजणी दोन

प्रश्न: माझं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर नगरचं, सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे प्रोटेस्टंट. लग्नानंतर दोन्ही घरांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, अ‍ॅडमिन मीच. 8 सप्टेंबरला आईनं मोतमाउलीचा, म्हणजे येशूच्या आईचा, मरियेचा फोटो आणि जपमाळेतली प्रार्थना टाकली. मोठ्या दिरांनी खाली लिहिलं, ‘दुसरी आज्ञा वाचा, मूर्ती करू नको.’ मामा म्हणाला, ‘दुसरी आज्ञा ती नाहीच.’ दीर म्हणाले, ‘तुम्ही लोकांनी ती गाळलीच आहे.’ रात्री एकपर्यंत हेच. सकाळी आई ग्रुप सोडून गेली. नवरा म्हणतो, लक्ष देऊ नकोस. काय करू?
– वसईची लेक, नगरची सून

उत्तर: लक्ष द्यायला हवं. मरियेच्या जन्मदिनी आईच्या प्रार्थनेखाली बायबलचं वचन फेकलं गेलं. वचन खरं असलं तरी ती जागा त्याची नव्हती, आणि हे दिरांना कुणीतरी सांगायलाच हवं.

आधी आज्ञेचा घोळ सोडवून घे, कारण तिथं दोघंही आपापल्या परीनं बरोबर आहेत. या दहा आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात आहेत, पण तिथं त्यांना क्रमांक नाहीत. कॅथलिक परंपरा संत ऑगस्टीनच्या मांडणीनं मोजते: ‘दुसरे देव नसावेत’ आणि ‘मूर्ती करू नको’ मिळून पहिली आज्ञा, ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको’ ही दुसरी, आणि शेवटच्या लोभाच्या दोन आज्ञा. दिरांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मूर्तीची आज्ञा वेगळी मोजतात आणि लोभाची एकच. दोन्हीकडे दहाच. रोमपासून फुटून प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनंही ऑगस्टीनचीच मोजणी ठेवली, त्यामुळे ‘रोमनं, म्हणजे कॅथलिक चर्चनं, गाळली’ हा आरोप टिकत नाही. पण दिरांचा संशय हवेतून आलेला नाही. धर्मशिक्षणात मुलं आज्ञा थोडक्यात पाठ करतात, त्यात मूर्तीची ओळ बहुधा येत नाही. मामाला सांग, घरच्या बायबलमधलं निर्गम 20:4 ते 6 उघडून त्या पानाचा फोटो दिरांना खाजगीत पाठव. ओळ तिथं आहे.

यापेक्षा जास्त भांडणं ‘भक्ती’ या एका शब्दावरून होतात. वसईत ‘मरियेची भक्ती’ सहज म्हणतात. नगरच्या मंडळीत मात्र ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या अभंगांपासून भक्ती म्हटलं की ख्रिस्तच डोळ्यांपुढे येतो. म्हणून दिरांच्या कानाला आईचं वाक्य ‘मरिया देव आहे’ असं ऐकू येतं. ते तसं नाही. 787 साली निकियात भरलेल्या चर्चच्या परिषदेनं मूर्ती आणि चित्रांबद्दल बोलताना हा भेद ग्रीक शब्दांत स्पष्ट केला: आराधना फक्त देवाची, बाकीच्यांना मान. मराठीत दोन्ही एकाच शब्दात शिरलं. ग्रुपवर आईला ‘आदर’ किंवा ‘सन्मान’ लिहायला सुचव. उलट बाजूनं, ‘तुमचं तारण (पापातून सुटका) झालंय का?’ हा प्रश्न दिरांनी विचारू नये. त्यांच्याकडे तारण झाल्याचा दिवस सांगता येतो, कॅथलिकाच्या लेखी तो जन्मभराचा प्रवास असतो. त्याला त्या प्रश्नात ‘तू ख्रिस्ती नाहीस’ एवढंच ऐकू येतं.

सगळं काही शब्दांचं नाही, हेही मान्य कर. आईनं टाकलेल्या जपमाळेतल्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग बायबलच्या लूक 1:28 आणि 1:42 मधूनच घेतलेला आहे, तो दीरही नाकारणार नाहीत. खरा प्रश्न पुढच्या अर्ध्याचा: मरियेला ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणावं का? दीर 1 तीमथ्य 2:5 दाखवतील, मध्यस्थ एकच. मामा म्हणेल, ग्रुपवर ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ लिहितो तसंच हे. यावर दोन्ही मंडळ्यांचे विद्वान अजून वेगळेच आहेत, तुमचा ग्रुप ते मिटवणार नाही. पण काही गोष्टी मिटतातही. माणूस देवापुढे विश्वासानं नीतिमान ठरतो का, या ज्या मुद्द्यावर लूथरच्या काळात युरोप फाटला, त्यावर कॅथलिक आणि लूथरन (लूथरच्या परंपरेतली चर्चेस) यांनी 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. दिरांना हे माहीत नसेल तर सांग.

आता काम. ग्रुपवर नियमांचा लांबलचक मेसेज टाकू नकोस, त्याखाली पुन्हा सुरू होईल. दिरांशी त्यांच्या भावानं बोलावं, मामाशी तू, तेही फोनवर. कोण बरोबर हे ठरवायला जाऊ नका. मागायचं एवढंच: कुणाच्या सणाच्या मेसेजखाली वचनानं उत्तर द्यायचं नाही, शंका असेल तर त्याच माणसाला फोन करायचा. ज्यांना शास्त्रावर बोलायचंच आहे त्यांचा वेगळा ग्रुप कर, आई त्यात नको. पुन्हा पेटलंच तर सेटिंगमध्ये जाऊन रात्रीपुरतं ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ असं कर. दिरांचं वचन मात्र डिलीट करू नकोस. अ‍ॅडमिन म्हणून तुला ते करता येतं, पण देवाचं वचन पुसलं म्हणून नवं भांडण उभं राहील.

आईला तिला न विचारता परत अ‍ॅड करू नकोस. आधी दिरांनी तिला फोन करावा, ‘मावशी, सणाच्या दिवशी मी तसं लिहायला नको होतं’ एवढंच म्हणावं. मरियेबद्दल त्यांनी काही मागं घ्यायची गरज नाही. तो फोन झाला की आईला लिंक पाठव.