जीवाश्मशास्त्रात पीएचडी झाली, आता पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधक-जागा) कुठे शोधू?

जाहिरातींची वाट बघत बसू नका. या विषयात बऱ्याच जागा निघण्याआधी ओळखीतून ठरतात, म्हणून ज्यांचे शोधनिबंध तुम्ही खरोखर वाचलेत अशा पाच-सहा जणांना आत्ताच ईमेल करा. 'तुमच्याकडे जागा आहे का' एवढंच विचारू नका. तुमचा प्रश्न काय, तो त्यांच्याच प्रयोगशाळेत का सुटेल, हे दहा ओळींत लिहा.

युरोपात जायचं असेल तर युरोपीय संघाची मारी क्युरी फेलोशिप (संशोधनवृत्ती) बघा. अर्ज यजमान संस्थेसोबत करायचा असतो, मुदत बहुधा सप्टेंबरात संपते. म्हणजे मार्चपासून बोलणी सुरू हवीत. जर्मनीसाठी हम्बोल्ट फेलोशिप आहेच.

भारतात लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था; उत्क्रांतीकडे जास्त कल असेल तर बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्र संशोधन केंद्र.

आणि एक मनापासून सांगतो, आपल्या मातीतला प्रश्न घेऊन जा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडलेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाले आणि डायनोसॉरच्या काळातही गवत होतं हे 2005 साली जगापुढे आलं! मुंबईत वरळीच्या खडकातल्या बेडकाचं वर्णन तर 1847 सालचं. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळाच्या खडकांत अजून पुष्कळ काम बाकी आहे. परदेशातल्या प्रयोगशाळेकडे सीटी स्कॅनर असतो, हे खडक ओळखणारा माणूस नसतो.