तापलेलं मशीन निवणार कुठं?

प्रश्न : ताई, आम्ही फुलेवाडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. स्ट्रेटनर, ड्रायर, कर्लचा रॉड आणि गरम ब्रश असं सगळं ड्रेसिंग टेबलच्या एकाच खणात कोंबलेलं असतं. गेल्या महिन्यात धाकट्या लेकीनं बस चुकेल म्हणून गरम स्ट्रेटनर तसाच खणात टाकला. थोड्या वेळानं जळका वास आला म्हणून बघितलं, तर फणी वितळून पट्टीला चिकटलेली आणि खणाच्या तळाला डाग. सासूबाई म्हणतात, ही थेरं घराबाहेर काढा. सुट्टीत नणंदेचा तीन वर्षांचा मुलगा येतो, त्याचीही धास्ती वाटते. भिंतीला भोक पाडायची मालकांची परवानगी नाही. हे सगळं बिनधोक ठेवायचं कसं?

उत्तर : आधी सासूबाईंना सांगा की तुमची काळजी रास्त आहे. मशीन घराबाहेर काढायची गरज नाही, पण त्या खणातून मात्र आजच काढा.

मंगळवार पेठेत माझं पार्लर आहे, २२ वर्षं झाली. नव्या मुलगीला मी पहिल्या दिवशी केस धरायला शिकवत नाही, मशीन खाली कुठं ठेवायचं ते शिकवते. स्ट्रेटनरची पट्टी १८० ते २३० अंशांपर्यंत तापते. १८० म्हणजे कढईतल्या भज्यांच्या तेलाइतकं. भजी तळून झाली की गॅस बंद केला म्हणून कुणी ती कढई फडताळात कपड्यांशेजारी ठेवतं का? स्ट्रेटनरला ज्वाला नाही, तेलाचा चरचराट नाही, म्हणून बटण बंद केलं की तो थंड झाला असं मनाला वाटतं. तो बंद केल्यावर पंधरा मिनिटांनीही हात पोळवतो. म्हणून घरात दोन जागा ठरवा : एक मशीन निवायची, दुसरी निवलेलं मशीन ठेवायची. तुमच्याकडं दुसरी होती, पहिली नव्हती. लेकीला रागावू नका, घाईत तिला गरम मशीन ठेवायला जागाच नव्हती.

निवायची जागा करायला खर्च नाही. कडाप्प्याचा नाहीतर फरशीचा हातभर तुकडा आणा. कुठल्याही बांधकामावर किंवा फरशीच्या दुकानात उरलेले तुकडे पडलेले असतात. कडा घासून घ्या, खाली चार रबरी पाय चिकटवा आणि तो टेबलाच्या आतल्या बाजूला ठेवा. पडदा, टॉवेल, टिश्यूचा डबा, परफ्यूम यातलं काहीही त्याच्या हातभर अंतरात नको. हेअर स्प्रेचा डबा तर मुळीच नको. त्याच्यावर लिहिलेलंच असतं की ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नका. काम झालं की आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग मशीन फरशीवर. पूर्ण अर्धा तास. आमच्याकडं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मुली मोठ्यानं वेळ सांगतात, तुमच्या मुलींनी मोबाईलचा गजर लावावा.

बाजारात सिलिकॉनच्या चटया आणि पिशव्याही मिळतात, चांगल्या असतात. फक्त किती अंशांपर्यंत चालते ते त्यावर छापलेलं बघून घ्या. तो आकडा तुमच्या मशीनच्या सगळ्यात वरच्या आकड्यापेक्षा जास्त पाहिजे. काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका. माझ्या पार्लरमध्ये मी उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या कारागिराकडून स्टीलचा स्टँड वाकवून घेतलाय, तीन भोकांचा, खाली जड बूड. भिंतीला काही ठोकावं लागत नाही, तुमच्यासारख्या भाड्याच्या घरालाही चालेल. भोकांखालच्या नळ्या जाळीच्या घ्यायला सांगा, बंद नळीत उष्णता कोंडून राहते.

आता लाईटचं सांगते, कारण यात माझे हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी वैशाखात एका कार्यालयात नवरीचे केस करत होते. वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली. मी स्ट्रेटनर शेजारच्या गादीवर ठेवला, पिन बोर्डात तशीच. मोबाईलच्या उजेडात अंबाडा घातला आणि नवरीला घेऊन गौरीहराकडं गेले. मागं लाईट आली. परत आले तर खोलीत जळक्या कापसाचा वास. गादीवर दोन बोटं रुंद, वीतभर लांब तपकिरी पट्टा उमटला होता, कडेनं काळा. बोट लावलं तर चादरीचं कापड कुसकरून हातात आलं आणि आत कापूस धुमसत होता. पिन ओढली, मग कळशीभर पाणी ओतलं. शेजारच्या खुर्चीवर नवरीचा शालू घडी करून ठेवलेला होता. गादीचे पैसे मी भरून दिले, पण तो शालू अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हापासून लाईट गेली की माझा पहिला हात पिनेकडं जातो. साध्या बटणाची मशीन लाईट आल्यावर आपोआप पुन्हा तापायला लागतात. नवीन घेणार असाल तर अर्ध्या-एक तासानं स्वतःहून बंद होणारं घ्या. मात्र ते आहे म्हणून पिन काढायचं सोडू नका.

निवलेली मशीन ठेवायला जुन्या जीनची पिशवी शिवून घ्या. उभे चार कप्पे, वर नाडी, आणि कपाटाच्या दाराच्या आतून चिकटणाऱ्या हुकवर अडकवायची. ड्रायर जड असतो, तो पिशवीत नको, खालच्या फळीवर ठेवा. प्रत्येक पिनेला वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधा : स्ट्रेटनरला लाल, ड्रायरला हिरवा. घाईत भलतीच पिन ओढली जात नाही.

नणंदेच्या मुलासाठी : तो घरात असेल तेव्हा फरशी उंच कपाटावर जाईल आणि वायर कडेवरून लोंबणार नाही. मुलं मशीन ओढत नाहीत, लोंबणारी वायर ओढतात. कुणाला पोळलंच तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढा आणि नळाच्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको. टूथपेस्ट, तूप, हळद काही लावू नका. लहान मूल असेल, चेहरा असेल किंवा फोड आले असतील तर पाणी घालून झाल्यावर डॉक्टरांकडं न्या.

प्रश्न : माझ्या स्ट्रेटनरची वायर दर वर्षी मुठीपाशीच खराब होते. मी तर ती व्यवस्थित मशीनला गुंडाळून ठेवते. — कसबा बावडा

उत्तर : गुंडाळल्यानंच खराब होते. वायर मुठीत शिरते त्या जागेला आम्ही मान म्हणतो. मशीनभोवती आवळून गुंडाळली की रोज मान एकाच ठिकाणी मोडते. आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात, उरलेल्यांवर सगळा भार येतो आणि ती जागा तापायला लागते. वर गरम पट्टीचा चटका. साध्या वायरीवरचं प्लास्टिक साधारण ७० अंशांपर्यंतच टिकायला बनवलेलं असतं.

वायर मशीनपासून मोकळी ठेवा. मानेपासून चार बोटं सरळ सोडा, मग वीतभर मोठे सैल वेढे घ्या, लोकरीचा गुंडा हातावर घेतात तसे, आणि जुन्या हेअर बँडनं बांधा. आठवड्यातून एकदा, पिन काढून, मान उजेडात धरून वाकवून बघा. प्लास्टिक पांढरं पडलं असेल किंवा बारीक चीर दिसली तर ते मशीन वापरायचं नाही.

प्रश्न : एका एक्स्टेंशन बोर्डवर ड्रायर आणि इस्त्री दोन्ही चालवलं तर चालतं का? पावसाळ्यात ड्रायर बाथरूममध्ये ठेवला तर? — राजारामपुरी

उत्तर : दोन्हीला नाही. छोट्या पिनेच्या पॉइंटची ताकद ६ अँपिअरची असते. १२०० वॉटचा ड्रायर एकटाच सव्वापाच अँपिअर घेतो. त्यावर १००० वॉटची इस्त्री लावली की साडेनऊच्या वर गेलं. बोर्ड हाताला गरम लागत असेल तर तो तुम्हाला तेच सांगतोय. ड्रायर भिंतीच्या पॉइंटवर, एकटा. पार्लरचा २००० वॉटचा असेल तर त्याला गिझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो.

बाथरूममध्ये तर पिन असो नसो, ठेवायचाच नाही. आपल्याकडं आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा पाझरतात, तिथं ड्रायरच्या पोटात दमट हवा शिरून मोटर गंजते. ओल्या हातानं पिन लावायचा मोह होतो तो वेगळाच. कपाटात कोरड्या सुती कापडात ठेवा. मागच्या जाळीवर केस आणि धूळ साठली की हवा कमी होते आणि आतली तार जास्त लाल होते, म्हणून महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं ती झाडा, अर्थात पिन काढून.

प्रश्न : जुना स्ट्रेटनर मानेशी सैल झालाय, चिकटपट्टी लावून कामवाल्या मावशींच्या मुलीला देऊ का? — शाहूपुरी

उत्तर : देऊ नका. आपल्या लेकीच्या हातात जो द्यायला आपण धजत नाही तो दुसरीच्या लेकीला कसा द्यायचा? दुरुस्ती करणाऱ्याकडून पूर्ण वायर बदलून घ्या, पंधरा दिवस स्वतः वापरा, मगच द्या. दुरुस्त होणार नसेल तर पिन काढलेली आहे याची खात्री करून वायर मुठीपासून कापा आणि मगच भंगारात घाला, म्हणजे तिथून उचलून कुणी पुन्हा बोर्डात लावणार नाही.